पाळीव सशाला त्याचे नाव शिकवणे: खानदेशातील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत ससा पाळणाऱ्या बहुतेकांची शंका एकच असते. कुत्रा हाकेला धावत येतो, मांजरही मनात आले तर येते, मग ससा ढिम्म का बसून राहतो? खालील उत्तरे या शंकेपुरतीच आहेत. आहार, आजार आणि निवारा यांचा उल्लेख नाव शिकवण्याशी त्यांचा संबंध येतो तेवढाच केला आहे.

ससा खरोखरच आपले नाव ओळखू शकतो का?

होय, ओळखू शकतो. नाव म्हणजे आपली स्वतःची ओळख, असे काही त्याला कळत नाही. पण एका ठरावीक आवाजानंतर एक ठरावीक गोष्ट घडते, हा संबंध तो चांगला जोडतो. प्राणी कसे शिकतात याच्या संशोधनात १९६० च्या दशकापासून सशावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. त्यांतील एका परिचित प्रयोगात सशाला एक सूर ऐकवून लगोलग डोळ्यावर हवेचा झोत सोडतात. असे अनेकदा झाल्यावर झोत नसतानाही केवळ सुराने ससा पापणी मिटू लागतो. यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की आवाजाचा संबंध जोडण्याची क्षमता सशात पुरेपूर आहे. दुसरी, आणि आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची, अशी की हा संबंध नकोशा गोष्टीशीही तितकाच घट्ट जुळतो. त्यामुळे नाव घेतल्यावर सशाच्या वाट्याला नेमके काय येते, यावरच सारे अवलंबून आहे.

मग कुत्र्याइतक्या लवकर तो का येत नाही?

कुत्र्याचे पूर्वज कळपाने शिकार करणारे होते आणि हजारो वर्षे माणसाने त्याला आपल्या हाकेला प्रतिसाद देण्यासाठीच निवडले. ससा मात्र इतरांचे भक्ष्य असलेला प्राणी आहे. अनोळखी आवाज आला की आधी स्तब्ध व्हायचे, अंदाज घ्यायचा आणि मग पळायचे किंवा थांबायचे, ही त्याची जन्मजात रीत आहे. हाक मारल्यावर काही क्षण तो जागचा हलत नाही, याचा अर्थ त्याने ऐकले नाही असा नसून बहुधा तो विचार करतो आहे असा असतो. या क्षणांत पुन्हा पुन्हा हाका मारणारा माणूस आपलेच काम बिघडवतो.

त्याने नाव ऐकले हे कसे ओळखावे?

कानांकडे पाहावे. सशाचे दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरतात आणि नाव घेताच एक जरी कान आपल्या दिशेने वळला, तरी पहिली पायरी झाली असे समजावे. काही वेळा कान वळत नाही, पण नाकाची सततची थरथर क्षणभर थांबते किंवा खाता खाता जबडा थांबतो. हीसुद्धा खूणच आहे. लोंबत्या कानांच्या जातीत कानाची हालचाल कमी दिसते, म्हणून तेथे डोके उचलण्याकडे लक्ष द्यावे. मागचा पाय जमिनीवर आपटणे ही मात्र धोक्याची सूचना आहे; तसे झाले की त्या वेळचा सराव थांबवावा.

नाव कसे असावे?

दोन अक्षरांचे, सुरुवातीला ठसठशीत व्यंजन असलेले आणि घरात दुसऱ्या कोणालाही न लावलेले नाव उत्तम. टिकू, चिकी, बंडू अशी नावे चालतात. मात्र घरात आधीच एखादा बंडू असेल, तर दिवसभर विनाकारण उच्चारले जाणारे ते नाव ससा निरर्थक आवाज म्हणून सोडून देईल. घरात ज्या शब्दाने त्याला हटकले जाते, त्या ‘नको’ किंवा ‘हट्’ यांच्याशी नावाचा उच्चार जुळू नये.

आपल्याकडच्या घरांत आणखी एक अडचण येते. आजी अहिराणीत ‘आठे ये’ म्हणते, मुले मराठीत ‘इकडे ये’ म्हणतात आणि नाव या दोन्हींच्या मध्ये कोठेतरी हरवते. माणसांना यात काही अडत नाही. सशासाठी मात्र हे दोन वेगळे आवाज आहेत. सुरुवातीचे काही आठवडे नावाला काहीही न जोडता केवळ नावच घ्यावे आणि घरातील सर्वांनी ते एकाच रूपात घ्यावे. लाडाने टिकूचा टिक्या आणि टिक्याचा टिकुल्या करण्याची हौस नंतर भागवता येईल.

कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

पिल्लू आईपासून साधारण आठ आठवड्यांनी वेगळे होऊन घरात आले, की ते जागेला रुळण्यासाठी थोडे दिवस द्यावेत आणि मग लगेच सुरुवात करावी. मोठ्या वयाचा ससाही शिकतो. घरातील सशाचे आयुष्य चांगल्या देखभालीत आठ ते बारा वर्षांचे असते, त्यामुळे तीन वर्षांचा ससा ‘आता शिकायचा नाही’ असे मानण्याला काहीही आधार नाही.

शिकवण्याची नेमकी रीत कोणती?

ससा पहाटे आणि संध्याकाळी सर्वाधिक जागा व चपळ असतो. दुपारी तो विसावतो. म्हणून सराव या दोनच वेळांना ठेवावा. एका वेळी दोन-तीन मिनिटे आणि पाच-सहा वेळा नाव घेणे एवढे पुरे. याहून अधिक ताणल्यास तो पाठ फिरवून बसतो आणि तसे बसणे हे त्याचे स्पष्ट उत्तर असते.

पहिल्या टप्प्यात त्याच्याजवळ जमिनीवर बसावे. उभ्याने वाकून हाक मारू नये, कारण वरून झेपावणारी सावली म्हणजे शिकारी पक्षी, हे त्याच्या अंगात मुरलेले आहे. नाव एकदाच, शांत आणि किंचित चढ्या सुरात घ्यावे, एखादा सेकंद थांबावे आणि खाऊचा तुकडा त्याच्या तोंडाशी न्यावा. या टप्प्यात त्याने काहीही करून दाखवण्याची अपेक्षा नाही. नावामागून खाऊ येतो, एवढेच त्याच्या कानांना कळायचे आहे.

येथे क्रम फार महत्त्वाचा आहे, आणि बहुतेकांचे काम नेमके येथेच फसते. खाऊच्या डब्याचे झाकण आधी वाजले आणि नाव नंतर घेतले, तर ससा झाकणाचा आवाज शिकतो व नावाकडे दुर्लक्ष करतो. मग घरची मंडळी सांगतात की आमचा ससा नावाला येत नाही, पण डबा उघडला की तीरासारखा येतो. म्हणजेच शिकवणे यशस्वी झालेले असते, फक्त ते डब्याचे झालेले असते. यावर उपाय असा की खाऊ आधीच मुठीत घेऊन बसावे आणि नाव घेईपर्यंत हात हलवू नये.

खाऊ कोठे धरावा हेही पाहावे. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. पण अगदी नाकासमोरचा थोडा भाग त्याला दिसत नाही. तेथे तो वास आणि मिशा यांच्या आधाराने वस्तू शोधतो. नाकासमोर धरलेला तुकडा शोधताना बोटाला दात लागतो आणि आपण समजतो की तो चावला. तुकडा सपाट तळहातावर, तोंडाच्या किंचित बाजूला धरावा.

नाव घेताच कान वळणे नेहमीचे झाले, की दुसऱ्या टप्प्यात हातभर लांब बसून नाव घ्यावे आणि तो स्वतः वळण्याची किंवा एक पाऊल टाकण्याची वाट पाहावी. पुढे अंतर चार-पाच फुटांपर्यंत, मग खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत आणि शेवटी दुसऱ्या खोलीपर्यंत न्यावे. एखाद्या अंतरावर तो लागोपाठ दोनदा आला नाही, तर तिसरी हाक न मारता अंतर कमी करावे. उत्तर न मिळालेली प्रत्येक हाक नावाची किंमत घटवते.

तो भरवशाने येऊ लागला, की प्रत्येक वेळी खाऊ देण्याची गरज उरत नाही. कधी कोथिंबिरीचे पान, कधी कपाळावर, दोन डोळ्यांच्या मध्ये हलके कुरवाळणे, असे आलटून पालटून चालते. खाऊ पूर्ण बंद मात्र करू नये. साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत कान वळणे आणि एक-दोन महिन्यांत खोली ओलांडून येणे, इतकी प्रगती समाधानकारक मानावी. भित्र्या सशाला याहून अधिक वेळ लागतो.

खाऊ म्हणून काय द्यावे? केळी चालतात का?

रावेर-यावल पट्ट्यात हा प्रश्न येणे स्वाभाविकच आहे, कारण तेथे घरात दुसरे काही नसले तरी केळी असतात आणि सशाला ती विलक्षण आवडतात. उत्तर असे की चालतात, पण करंगळीच्या नखाएवढा तुकडाच, आणि त्या दिवशी दुसरे फळ नाही. केळ्यात साखर व पिष्टमय पदार्थ भरपूर असतात आणि त्यांच्या अतिरेकाने सशाच्या आतड्यातील उपयुक्त जंतूंचा तोल बिघडतो. दोन किलो वजनाच्या सशाला दिवसभरात सर्व फळे मिळून चहाचे एक-दोन चमचे, ही वरची मर्यादा समजावी. कठीण टप्प्यासाठी, म्हणजे अंतर वाढवताना किंवा गोंगाटात, केळ्याचा तुकडा राखून ठेवावा. रोजच्या सरावाला कोथिंबीर, पुदिना किंवा गाजराची पाने पुरतात. गाजरही गोड असल्याने ते फळासारखेच मोजावे. ससा बाजारातील गोळीखाद्य खात असेल, तर त्याच्या रोजच्या मापातून दहा-बारा गोळ्या बाजूला काढून त्याच सरावाला वापरणे सर्वांत सुरक्षित.

केळीचे वेफर्स, शेव, बिस्कीट, भाकरीचा तुकडा, शेंगदाणे आणि चॉकलेट यांपैकी काहीही देऊ नये. कांदा-लसूणही देऊ नये. भरताची वांगी घरात असतातच. वांगे, बटाटा आणि टोमॅटो यांची पाने व देठ सशाला विषारी आहेत. ज्वारीचे कोवळे पोंगे गुरांना बाधतात हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ते सशालाही टाकू नयेत. कपाशीच्या शेताच्या बांधावरून आणलेल्या हिरव्या चाऱ्यावर फवारणीचा अंश असण्याची शक्यता असल्याने तोही टाळावा.

खाऊला किंमत यावी म्हणून सशाला उपाशी ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. तो धोकादायक आहे. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते; दहा-बारा तास काहीच पोटात गेले नाही आणि लेंड्या पडणे थांबले, तर ती तातडीची वैद्यकीय अवस्था असते. मारवेलसारखे वाळलेले गवत चोवीस तास समोर असावे. गवताने पोट भरलेला ससाही कोथिंबिरीसाठी येतोच.

नाव घेतल्यावर तो चटईच्या कडेपर्यंत येतो आणि तेथेच थांबतो. असे का?

त्याला नाव पूर्ण समजले आहे. अडचण फरशीची आहे. सशाच्या तळपायांना कुत्रा-मांजरासारख्या गाद्या नसतात, दाट केस असतात, आणि ते गुळगुळीत फरशीवर घसरतात. एकदा घसरलेला ससा त्या फरशीवर पुन्हा पाऊल टाकायला कचरतो. त्याच्या जागेपासून आपल्यापर्यंत गोणपाट, जुनी गोधडी किंवा चटई अंथरून पाहावी. पुष्कळदा ‘न शिकणारा’ ससा त्याच संध्याकाळी येऊ लागतो.

उन्हाळ्यात तो हाकेला अजिबात उत्तर देत नाही. सराव चालू ठेवावा का?

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४२ अंशांच्या वर राहतो आणि काही दिवस ४५ च्या आसपास जातो. सशाला पंधरा ते वीस-एकवीस अंश तापमान मानवते आणि तीसच्या पुढे उष्माघाताचा धोका सुरू होतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे कान. अशा दिवसांत तो हाकेला हलत नाही, कारण हलणे त्याला परवडत नाही. सराव सूर्य उगवण्याआधी, आणि रात्री फरशी निवल्यावर, तोही एक-दोन हाकांपुरता करावा. मे महिना पूर्ण सोडून दिला तरी बिघडत नाही. शिकलेले पुसले जात नाही, जूनमध्ये पहिल्या टप्प्यापासून भराभर उजळणी होते.

कूलरचा विचार वेगळा करावा लागतो. कूलरमुळे खोली थंड राहते हे खरे, पण त्याची घरघर इतकी सलग असते की खोलीच्या दुसऱ्या टोकाची हाक त्यात बुडून जाते. कूलर चालू असताना आवाज चढवून हाक मारण्यापेक्षा जवळ जाऊन नेहमीच्या आवाजात नाव घ्यावे. ओरडून घेतलेले नाव हा सशासाठी वेगळाच, आणि बहुधा भीतिदायक, आवाज असतो. ससा कूलरच्या थेट झोतात बसवू नये. वीज जाते तेव्हासाठी पाण्याची गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवावी.

तोंड उघडून धाप लागणे, कान गरम व लाल होणे, अंग सैल पडणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. तेव्हा साध्या गार पाण्याने कान पुसत त्याला दवाखान्यात न्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

पिंजऱ्यात घालण्यासाठी किंवा नखे कापण्यासाठी नावाने बोलावले तर चालेल का?

चालणार नाही, आणि हा या सर्व प्रश्नांतील कळीचा प्रश्न आहे. बहुतेक सशांना जमिनीवरून उचलले जाणे आवडत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने जमिनीवरून फक्त शिकारी उचलतो. नाव घेतले, तो विश्वासाने आला आणि त्याला धरून नखे कापली, असे दोन-तीनदा झाले, की कित्येक आठवड्यांचा सराव वाया जातो. पापणी मिटणाऱ्या सशाचा प्रयोग येथे आपल्याच घरात, आपल्याच विरुद्ध चालू झालेला असतो.

म्हणून नियम असा ठेवावा की नकोसे काम करायचे असेल तेव्हा नाव मुळीच घ्यायचे नाही. औषध, नखे, केस विंचरणे, दवाखान्याची टोपली यांसाठी आपण त्याच्याकडे जावे, त्याला आपल्याकडे बोलावू नये. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली हवा; कानांना धरून कधीही उचलू नये. पिंजऱ्यात परत जाण्यासाठी वेगळा शब्द ठरवावा, जसे ‘घर’, आणि आत गेल्यावर तेथेच खाऊ ठेवावा. हा शब्दही तो नावासारखाच शिकतो.

लहान मुले सतत त्याचे नाव घेत असतात. काय करावे?

मुलांना हाका मारण्यापासून थांबवणे अशक्य आहे, पण त्यांना काम देणे शक्य आहे. सकाळच्या सरावात खाऊ देण्याची जबाबदारी एका मुलावर टाकावी आणि ‘हातात खाऊ असेल तरच नाव घ्यायचे’ एवढा एकच नियम घालावा. शाळकरी मुले असा नियम मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळतात. पाहुण्यांना हौसेने ‘बघा, कसा येतो’ म्हणून दाखवणारे वडीलच तो अधिक वेळा मोडतात.

येत नाही म्हणून रागावले तर?

काहीही साधत नाही. शिक्षा आणि आपले न येणे यांचा संबंध ससा जोडत नाही. तो शिक्षा आणि आपण यांचा संबंध जोडतो.

दोन ससे असतील तर दोघांना वेगवेगळी नावे शिकवता येतात का?

येतात, पण सुरुवातीला वेगवेगळ्या खोल्यांत. एकत्र असताना एकाचे नाव घेतले की दोघेही खाऊसाठी येतात आणि त्यामुळे दोन्ही नावांचा अर्थ ‘खाऊ’ एवढाच उरतो. प्रत्येकाचे नाव स्वतंत्रपणे पक्के झाल्यावर दोघांना समोर बसवावे, एकाचे नाव घ्यावे आणि केवळ त्यालाच द्यावे. दुसऱ्याची पाळी लगेच यावी. नावे सुरुवातीपासूनच वेगळी ऐकू येतील अशी निवडावीत. चिकी आणि मिकी ही जोडी माणसाला गोड वाटते, सशाला गोंधळात टाकते. हा खटाटोप दूर करावा म्हणून एकच ससा ठेवावा, असे मात्र म्हणता येत नाही, कारण ससा मूळचा समूहाने राहणारा प्राणी आहे.

आधी नावाला यायचा, आता येत नाही. काय झाले असेल?

वय चार-सहा महिन्यांचे असेल तर तो वयात आला आहे. या काळात नर व मादी दोन्ही हट्टी होतात, हद्द आखतात, हनुवटी वस्तूंवर घासून आपला वास लावतात आणि हाकेकडे दुर्लक्ष करतात. नसबंदीनंतर बहुतेक ससे निवळतात. आपल्या भागातील पशुवैद्यकांकडे मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्या येतात, म्हणून सशाच्या शस्त्रक्रियेचा व भुलीचा अनुभव आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

प्रौढ सशात अचानक फरक पडला तर आधी कान तपासावेत. कान झटकणे, खाजवणे, आत तपकिरी खपल्या दिसणे ही कानातील गोचिडीसारख्या सूक्ष्म किड्यांची लक्षणे असतात. खपल्या घरी ओढून काढू नयेत, दवाखान्यात न्यावे. मान एका बाजूला कलली असेल तर उशीर करू नये. दात वाढल्याने खाताना दुखत असेल, तरी ससा खाऊकडे आणि पर्यायाने नावाकडे पाठ फिरवतो. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते झिजवण्याचे काम गवत करते.

काहीच आजार नसेल तर घरात नवे यंत्र आले आहे का ते पाहावे. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, सशाला ४०,००० हर्ट्झच्या पलीकडचेही. उंदीर पळवण्यासाठी प्लगमध्ये लावायचे यंत्र आपल्याला मुके वाटते. सशासाठी ते त्या खोलीत दिवसभर किंचाळत असू शकते.

कानबाईची मिरवणूक, लग्नातील बँड आणि दिवाळीचे फटाके यांच्या काळात काय करावे?

सराव बंद ठेवावा. ससा घाबरलेला असताना त्याचे नाव घेऊन दिलासा देण्याचा मोह होतो, पण मोठ्या आवाजाच्या भीतीशी नाव जोडले जाण्याची शक्यता असते. आतल्या खोलीत, लपायला पुठ्ठ्याचे खोके आणि भरपूर गवत देऊन त्याला निवांत राहू द्यावे.

शेतात सापडलेल्या रानसशाच्या पिल्लाला असे शिकवता येईल का?

नाही, आणि ते घरी आणूही नये. कापणीच्या वेळी शेतात दिसतो तो भारतीय ससा हा पाळीव सशापासून वेगळ्या प्रजातीचाच नव्हे, तर वेगळ्या वंशाचा (genus) प्राणी आहे. पाळीव ससा युरोपातील बिळात राहणाऱ्या सशापासून आला; त्याची पिल्ले केसांविना, मिटल्या डोळ्यांनी जन्मतात. रानसशाची पिल्ले उघड्या डोळ्यांनी आणि अंगावर केस घेऊन उघड्यावरच जन्मतात, आणि आई दूध पाजण्यापुरती येऊन दूर जाते. एकटे दिसणारे पिल्लू म्हणूनच बहुधा पोरके नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानससा पकडणे हा गुन्हा आहे. पिल्लू जखमी असेल तर वनविभागाला कळवावे. नसेल तर तेवढा पट्टा सोडून कापणी करावी.

नाव पक्के झाल्यावर त्याला अंगणात मोकळे सोडून हाकेने परत बोलावता येईल का?

यावर विसंबू नये. घरात दहापैकी दहा वेळा येणारा ससाही अंगणात कुत्रा भुंकला, मुंगूस दिसले किंवा घारीची सावली पडली, तर नावाकडे लक्ष न देता पळतो किंवा गोठून जातो, आणि त्याने तसे करणे योग्यच आहे. अंगणात सोडायचेच असेल तर चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी हवी. ससा माती उकरून बाहेर पडतो, म्हणून जाळीची खालची कड वीतभर जमिनीत गाडावी. त्या जाळीच्या आत सराव नव्याने, हातभर अंतरापासून सुरू करावा. तो आत असेपर्यंत मोठ्या माणसाने तेथून हलू नये.